नियमात बसतं, पण बरोबर आहे का? आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा रचण्यामागचा विचार

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना फुटबॉलचं काय पडलंय? रास्त प्रश्न आहे. म्हणून सुरुवात आपण आमच्या फजितीपासून करू.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका महाविद्यालयात होतो. तिथे जिमखान्याचं काम कुणालाच नको होतं. नवीन माणूस आणि त्यात तत्त्वज्ञानाचा, म्हणजे तास कमी, असा हिशोब करून ते आमच्या गळ्यात पडलं. फुटबॉलचे चार संघ होते: कला, वाणिज्य, विज्ञान आणि अकरावी-बारावीचा एक. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला एक, आणि पहिले दोन संघ अंतिम सामन्यात. वेळापत्रक आम्हीच केलं, एका संध्याकाळी, वहीच्या शेवटच्या पानावर.

शेवटचा साखळी सामना उरला तेव्हा परिस्थिती अशी होती. वाणिज्यचे सगळे सामने संपलेले, गुण तीन. कला आणि विज्ञान यांचा आपसातला सामना बाकी, आणि दोघांचेही तीन-तीन गुण. आता बघा, बरोबरी झाली की दोघांचे चार-चार होणार, दोघंही अंतिम सामन्यात आणि वाणिज्य घरी. मग काय झालं असेल? दोन्हीकडच्या पोरांनी चेंडू मागच्या मागे फिरवला आणि सामना शून्य-शून्य सुटला. वाणिज्यचा कप्तान आमच्याकडे आला. आम्ही त्याला नियमावली दाखवली आणि म्हणालो, "यात नियमबाह्य काही नाही." तो म्हणाला, "सर, नियमात बसतं, पण बरोबर आहे का?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. नीतिशास्त्र शिकवायचो आम्ही, तरीही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला पन्नासेक वर्षं उशिरा दिलेलं उत्तर समजा. मोठ्या स्पर्धा कशा रचतात हे पाहताना आपल्याला दिसेल, की रचनेतला जवळजवळ प्रत्येक नियम म्हणजे कुणावर तरी झालेल्या अन्यायाचा वण आहे.

आधी गणित

स्पर्धा घेण्याच्या मूळ पद्धती दोनच. एक साखळी पद्धत, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. दुसरी बाद पद्धत, हरला तो गेला.

साखळी पद्धत न्यायाला जवळची, कारण एखादा वाईट दिवस भरून काढता येतो. पण ती महाग पडते. ३२ संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं ठरवलं, तर ४९६ सामने होतात. ४८ संघ असतील तर ११२८. विश्वचषक महिनाभरात उरकायचा असतो आणि खेळाडूला दोन सामन्यांमध्ये काही दिवस विश्रांती द्यावीच लागते. तेव्हा हे अशक्य.

बाद पद्धतीचं गणित फार गोड आहे. ३२ संघ असतील तर सामने किती? कागद-पेन्सिल घेऊ नका. विजेता एकच, म्हणजे ३१ जणांनी हरायला हवं, आणि प्रत्येक सामन्यात एकच हरतो. म्हणून ३१ सामने. संघ कितीही असोत, त्यातून एक वजा करा. पण हा स्वस्तपणा कुणाच्या खिशातून येतो? १९३४ चा विश्वचषक इटलीत झाला, पूर्ण बाद पद्धतीने. ब्राझील आणि अर्जेंटिना जहाजाने अटलांटिक ओलांडून आले. ब्राझील पहिल्याच सामन्यात स्पेनकडून हरला, अर्जेंटिना स्वीडनकडून. समुद्र ओलांडून यायचं, नव्वद मिनिटं खेळायचं आणि परत जायचं.

म्हणून आज जी रचना आपण पाहतो ती दोन्हींची सांगड आहे. आधी गट करून गटात साखळी, मग बाद फेरी. १९९८ ते २०२२ या काळातला विश्वचषक घ्या. ३२ संघ, चारचारचे आठ गट. एका गटात सहा सामने, म्हणजे आठ गटांत ४८. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, म्हणजे १६ संघ. त्यांचे बाद पद्धतीने १५ सामने, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी एक. बेरीज ६४. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात आणि विजेता सात सामन्यांत ठरतो. चारचा गट ही चौकट इतकी वर्षं टिकली याला कारण आहे. ते पुढे येईल.

दारात कोण उभं आहे?

स्पर्धेचं वेळापत्रक हा नंतरचा भाग. त्याआधीचा प्रश्न असा, की आत कुणाला घ्यायचं? फिफाचे २११ सदस्य आहेत आणि जागा मोजक्या. १९३० मध्ये उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला तेव्हा हा प्रश्न नव्हता. पात्रता फेरीच नव्हती, निमंत्रणं पाठवली गेली आणि १३ संघ आले. युरोपातून फक्त चार.

पुढे संघ वाढले आणि जागांची वाटणी खंडांनुसार व्हायला लागली. इथे न्यायाचा पहिला मोठा तंटा उभा राहिला. १९६६ च्या इंग्लंडमधल्या विश्वचषकासाठी सोळा जागा होत्या. त्यातली आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या सगळ्यांना मिळून जागा किती? एक. आफ्रिकेचा विजेता ठरला, तरी त्याने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी खेळून ती एक जागा मिळवायची. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांना हे मान्य होणं शक्य नव्हतं. घाना पुढे झाला, एन्क्रुमांचा घाना, आणि आफ्रिकेने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

मग ती एक जागा उत्तर कोरियाला मिळाली. आणि या उपऱ्या समजल्या गेलेल्या संघाने इटलीला १-० ने हरवून घरी पाठवलं. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध ३-० अशी आघाडी घेतली, शेवटी ५-३ ने हरले. पुढच्या स्पर्धेपासून, म्हणजे १९७० पासून, आफ्रिकेला स्वतःची एक हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को त्या जागेवरून मेक्सिकोला गेला.

आता २०२६ ची वाटणी बघा: एकूण ४८ जागा. युरोपला १६, आफ्रिकेला ९, आशियाला ८, दक्षिण अमेरिकेला ६, उत्तर व मध्य अमेरिकेला यजमान धरून ६, ओशनियाला १, आणि उरलेल्या दोन जागा आंतरखंडीय सामन्यांतून. हे वाचून कुणी म्हणेल, युरोपातला चांगला संघ बाहेर राहतो आणि दुसरीकडचा कच्चा संघ आत येतो, हे गुणवत्तेवर अन्याय करणारं नाही का? दुसरा म्हणेल, जगाचा चषक म्हणायचं आणि निम्मं जग दाराबाहेर ठेवायचं, हे कसं? दोघंही न्यायाचंच बोलतायत. एकाचा न्याय गुणवत्तेचा, दुसऱ्याचा प्रतिनिधित्वाचा. आपल्याकडे आरक्षणावर चर्चा होते तेव्हा हेच दोन आवाज ऐकू येतात, नाही का? फुटबॉलने यातला एक निवडला नाही. दोघांना शेजारी बसवलं आणि दर काही वर्षांनी आकडे बदलत राहिला.

सोडत: नशिबाला नियमात बसवणं

आत आलेल्यांचे गट कसे करायचे? सोडत काढून. पण निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या तर चार बलाढ्य संघ एकाच गटात येऊ शकतात. म्हणून संघांचे आधी चार गठ्ठे करतात, फिफाच्या क्रमवारीनुसार. पहिल्या गठ्ठ्यात यजमान आणि सर्वांत वरचे संघ, मग त्याखालचे. प्रत्येक गटात प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक संघ येतो. शिवाय अट अशी, की एका खंडाचे संघ शक्यतो एका गटात येऊ नयेत. युरोपचे संघ जास्त म्हणून त्यांचे दोनपर्यंत चालतात.

इथे आपल्याला जॉन रॉल्स आठवतील. मागे आपण त्यांच्या १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथावर बोललो होतो. रॉल्स प्रक्रियेतल्या न्यायाचे तीन प्रकार सांगतात. पहिला केक कापण्याचा: जो कापेल त्याने शेवटचा तुकडा घ्यायचा, की वाटणी आपोआप समान होते. हा परिपूर्ण प्रकार. दुसरा न्यायालयातल्या खटल्याचा: गुन्हेगारालाच शिक्षा व्हावी हे आपल्याला माहीत असतं, पण प्रक्रिया कितीही काळजीने केली तरी चूक होऊ शकते. हा अपूर्ण. तिसरा जुगाराचा: इथे 'योग्य निकाल' असा काही आधीपासून नसतोच. डाव सचोटीने खेळला गेला, तर जो निकाल लागेल तोच न्याय्य. हा शुद्ध प्रकार.

सोडत ही तिसऱ्या प्रकारची. गोळा काचेच्या भांड्यातून सर्वांसमोर काढला, एवढंच तिथे महत्त्वाचं. सामना मात्र दुसऱ्या प्रकारचा. चांगला खेळला त्याने जिंकावं ही आपली अपेक्षा, पण पंच चुकतो, चेंडू खांबाला लागतो. आपल्या मनातला घोळ इथेच होतो. आपण सामन्याच्या निकालाकडे कधी खटल्यासारखं बघतो, कधी जुगारासारखं.

आणि कधीकधी सामन्याच्या जागी खरोखरच सोडत येते. १९५४ च्या पात्रता फेरीत स्पेन आणि तुर्कस्तान भिडले. पहिला सामना स्पेनने ४-१ ने जिंकला, दुसरा तुर्कस्तानने १-० ने. दोन्ही मिळून गोल मोजले असते तर स्पेन सरळ पुढे गेला असता. पण तेव्हा गोल मोजायचा नियम नव्हता, दोघांचा एकेक विजय एवढंच. तिसरा सामना रोममध्ये झाला, तो २-२ सुटला. मग एका चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला चिठ्ठी काढायला सांगितलं. चिठ्ठी तुर्कस्तानची निघाली.

हिहोन, २५ जून १९८२

आता आपण आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाकडे परत येतो, फक्त मैदान स्पेनमधलं आहे.

१९८२ च्या विश्वचषकात अल्जीरिया पहिल्यांदाच आला होता. पहिल्याच सामन्यात त्याने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं. जग थक्क झालं. मग ते ऑस्ट्रियाकडून ०-२ हरले आणि २४ जूनला चिलीला ३-२ ने हरवलं. तीन सामने संपले, गुण चार. दुसऱ्या दिवशी हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना होता. आधीचे सगळे निकाल दोघांनाही ठाऊक. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला, तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर. जर्मनी जिंकला नाही तर जर्मनी बाहेर. फार मोठ्या फरकाने जिंकला तर ऑस्ट्रिया बाहेर.

सुरुवातीच्या दहा-अकरा मिनिटांतच ह्रुबेशने जर्मनीचा गोल केला. १-०. दोघांनाही हवा तोच आकडा. त्यानंतर उरलेला सामना म्हणजे चेंडू इकडून तिकडे. प्रेक्षागारातले अल्जीरियाचे लोक नोटा फडकवू लागले, 'विकला गेला' या अर्थाने. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि अल्जीरिया तिघांचेही चार गुण झाले. गोलफरक जर्मनीचा अधिक तीन, ऑस्ट्रियाचा अधिक दोन, अल्जीरियाचा शून्य. अल्जीरियाने तक्रार केली, फिफाने ती फेटाळली. कारण? कुठलाही नियम मोडलेला नव्हता.

ही बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली आणि पहिल्यांदा आठवला तो वाणिज्यचा कप्तान. फिफाने अल्जीरियाला जे उत्तर दिलं, तेच आम्ही त्याला दिलं होतं.

बरं, हे आधी कळलं नव्हतं का? कळायला हवं होतं. १९७८ मध्ये अर्जेंटिनात, दुसऱ्या फेरीतल्या शेवटच्या दिवशी, ब्राझीलचा सामना आधी झाला आणि यजमान अर्जेंटिनाचा नंतर. त्यामुळे अर्जेंटिनाला मैदानात उतरतानाच माहीत होतं, की पेरूला चार गोलांच्या फरकाने हरवायचंय. त्यांनी ६-० ने हरवलं. त्यावर संशयाची चर्चा आजही होते. संशय खरा की खोटा हे आपण बाजूला ठेवू. वेळापत्रकाने त्या संशयाला जागा करून दिली, एवढं मात्र नक्की.

हिहोननंतर, १९८६ पासून, गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करायला लागले. एवढाच बदल. नैतिकतेवर भाषण नाही, खेळाडूंकडून शपथ नाही, फक्त घड्याळ जुळवलं. आम्हाला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. माणूस सज्जन झाला पाहिजे अशी अट घालून कुठलीही व्यवस्था चालत नाही. व्यवस्थेने एवढंच बघावं, की माणसासमोर मोह ताटात वाढून ठेवलेला नसावा.

आणि चारच्या गटाचं कारण आता लक्षात आलं असेल. चार हा सम आकडा. शेवटच्या दिवशी चारही संघ मैदानावर असतात, कुणी बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघत नाही.

मोह पूर्ण जातो का?

नाही. २०१८ चा रशियातला विश्वचषक घ्या. जपान आणि सेनेगल, दोघांचे शेवटचे सामने एकाच वेळी, वेगवेगळ्या शहरांत. जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे. तिकडे ७४ व्या मिनिटाला कोलंबियाने सेनेगलवर गोल केला. आता जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे, आपसातला सामना २-२. मग पुढची पायरी होती शिस्तीचे गुण, म्हणजे कुणाला किती पिवळी कार्डं मिळाली. जपानला चार, सेनेगलला सहा. जपानच्या बाकावर ही बातमी पोचली आणि जपानने शेवटची दहा मिनिटं चेंडू आपसात फिरवत काढली, हरत असताना! कारण गोल करायला गेलो तर उलट गोल बसेल, किंवा कार्ड मिळेल. तिकडे सेनेगलने बरोबरी केली असती, तर जपान बाहेर. पण सेनेगलने केली नाही आणि दोन कार्डांच्या फरकाने जपान पुढे गेला. सेनेगलबरोबर आफ्रिकेचा शेवटचा संघही गेला.

गंमत बघा. तो नियम 'खिलाडूवृत्ती'चा होता, आणि त्याच्या जोरावर जे झालं त्यावर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून नापसंती दाखवली. पण हिहोन आणि हे प्रकरण एकच आहे का? आम्हाला वाटतं, नाही. हिहोनमध्ये दोघांना निकाल आधीच ठाऊक होता आणि दोघांचं हित एक झालं होतं, धोका कुणालाच नव्हता. जपानने मात्र पैज लावली. सेनेगलचा एक गोल आणि सगळं संपलं असतं. धोका पत्करून केलेली चाल आणि धोका काढून टाकून केलेला करार, यांत फरक आहे. पहिली आपल्याला आवडत नाही. दुसऱ्याने मात्र तिसऱ्यावर अन्याय होतो.

धडा विसरायला किती वेळ लागतो?

२०१७ च्या जानेवारीत फिफाने ठरवलं, की २०२६ पासून ४८ संघ खेळवायचे. रचना कोणती? तीन-तीनचे सोळा गट! म्हणजे गटात तीन सामने, एकूण ८० सामने. कागदावर सुटसुटीत. पण तीनच्या गटात शेवटचा सामना दोघांचा असतो आणि तिसरा बसून राहतो. म्हणजे हिहोन सोळा ठिकाणी. एका पिढीने रडून मिळवलेला नियम पुढच्या पिढीने सोयीसाठी सोडायचं ठरवलं होतं.

पुढे २०२२ चा विश्वचषक कतारमध्ये झाला. चारच्या गटातला शेवटचा दिवस काय असतो हे तिथे जगाने पाहिलं. एका संध्याकाळी काही मिनिटं अशी आली, की स्पेन आणि जर्मनी दोघंही एकाच वेळी बाहेर पडत होते. शेवटी स्पेन वाचला, जर्मनी गेला. त्यानंतर २०२३ च्या मार्चमध्ये फिफाने तीनचा गट रद्द केला. आता रचना अशी: चारचे बारा गट, गटांचे ७२ सामने. पहिले दोन मिळून २४ संघ, आणि तिसऱ्या आलेल्या बारांपैकी सर्वांत चांगले आठ. एकूण ३२ बाद फेरीत. त्यांचे ३१ सामने आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. बेरीज १०४. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतली मिळून १६ शहरं.

हे चांगलं झालं. पण पूर्ण निर्दोष नाही. बारातले आठ निवडायचे, तर गट अ चे सामने आधी संपतात आणि शेवटच्या गटाचे काही दिवसांनी. शेवटी खेळणाऱ्याला माहीत असतं, आपल्याला नेमकं किती हवंय. आधी खेळलेला अंधारात खेळतो. २०१६ च्या युरो स्पर्धेत हीच पद्धत होती. अल्बानिया पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेत आला, शेवटचा सामना जिंकला, तिसरा आला, आणि मग इतरांचे निकाल लागेपर्यंत वाट बघत बसला. शेवटी बाहेर गेला. शिवाय बारातले कुठले आठ येतील, याच्या ४९५ शक्यता होतात, आणि प्रत्येक शक्यतेत कुणाची गाठ कुणाशी, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. आधीच का? कारण निकाल कळल्यावर ठरवलं, तर ठरवणाऱ्याच्या हातात मोह जातो.

आपल्या दारातली गोष्ट

हे सगळं दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला. नवी मुंबई, मडगाव, कोलकाता, दिल्ली, कोची आणि गुवाहाटी. २४ संघ, ५२ सामने. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. ज्या गावात तालमींचा फुटबॉल आणि विश्वचषकाच्या वेळी गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात, तिथे ही केवढी गोष्ट! उपांत्य सामना गुवाहाटीला होता, पण पावसाने मैदान खराब झालं आणि सामना ऐन वेळी कोलकात्याला हलवला. यजमानपद म्हणजे फक्त स्टेडियम देणं नव्हे. पर्यायी मैदान, हॉटेल, विमानं, तिकिटांचे पैसे परत, हे सगळं आधी विचारात घेतलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट मात्र दुखरी आहे. २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. करोनाचा काळ. भारताच्या मुली यजमान म्हणून थेट खेळत होत्या, आणि २०२३ च्या विश्वचषकात आशियातून कोण जाणार, हे याच स्पर्धेतून ठरणार होतं. पहिला सामना इराणशी, ०-० बरोबरी. दुसरा २३ जानेवारीला चिनी तैपेईशी. पण संघात करोनाची लागण झाली आणि किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियम स्पष्ट होता: तेरा नसतील तर संघाने माघार घेतली असं धरायचं. सामना पुढे ढकलला गेला नाही. भारत स्वतःच्याच घरातल्या स्पर्धेतून बाहेर. झालेला सामनाही रद्द ठरला. त्यामुळे पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेल्या इराणने मिळवलेला तो एक गुणही पुसला गेला.

नियम क्रूर होता का? आयोजकांच्या बाजूने बोलायचं तर, एका संघासाठी थांबलं की सगळ्यांची विश्रांती, पुढच्या फेऱ्या आणि प्रवास कोलमडतो. आणि यजमानांसाठी नियम वाकवला असता, तर इतरांनी काय म्हटलं असतं? पण ज्या मुलींनी वर्षानुवर्षं घाम गाळला, त्यांचा दोष काय होता? काहीच नाही. आधी ठरलेला, सगळ्यांना सारखा लावलेला नियमसुद्धा निर्दोष माणसावर कोसळू शकतो. त्याला अन्याय म्हणावं की दुर्दैव, यावर तुम्ही विचार करा. आम्ही अजून करतोय.

उत्तर

तर त्या कप्तानाला काय सांगायचं? आम्ही आज असं म्हणू: "बाळा, नियमात बसतं, पण बरोबर नाही. आणि चूक त्या पोरांची जेवढी, त्याहून जास्त आमची. ते वेळापत्रक आम्ही केलं होतं. ज्या सामन्यात दोघांना एकच निकाल हवा असेल, तो सामना आम्ही घडू द्यायला नको होता. दोन्ही सामने एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवायला आम्हाला काय धाड भरली होती? मैदान दोन होती."

स्पर्धा रचणाऱ्याने, मग तो फिफाचा अधिकारी असो की गणपती मंडळाचा कार्यकर्ता, वेळापत्रक काढताना शेवटच्या दिवसापासून मागे विचार करावा. शेवटच्या दिवशी कुणाला काय माहीत असेल? कुणाचं हित कुणाशी जुळेल? आणि कोण हात बांधून बघत बसलेलं असेल? त्या बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं, की निम्मे नियम आपोआप सुचतात. अल्जीरियाने हे जगाला शिकवलं, पण त्याची किंमत त्यानेच मोजली.

आज इथे थांबू. तुमच्या गावच्या, शाळेच्या स्पर्धांमध्ये असं काही घडलं असेल तर जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण पंचाच्या निर्णयाबद्दल बोलू: चूक दिसली तरी निकाल का बदलत नाही.